अंतराळवीरांना उगाच ओरडायला लावू नका

शुभांशु शुक्ला जून २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले आणि जुलैत सुखरूप परत आले, तेव्हापासून मला एक धास्ती लागून राहिलीय की आता कधी ना कधी यावर सिनेमा येणार. यावा, नक्की यावा, अंतराळावरचा कुठलाही सिनेमा मी सोडत नाही, पण तो कसा असेल याचा अंदाज तुम्हालाही आहेच. उड्डाणाच्या आदल्या रात्री आईचा फोन, वर गेल्यावर काहीतरी फुटणार, लाल दिवे, भोंगा, हिरो जिवाच्या आकांताने ओरडणार, खाली कंट्रोल रूममध्ये एक खडूस साहेब "हे शक्य नाही" म्हणणार आणि हिरो त्याचं न ऐकता करून दाखवणार. प्रत्यक्षात काय झालं? रॉकेटमध्ये ऑक्सिजनची गळती सापडली, मग स्थानकाच्या रशियन भागातल्या गळतीचा प्रश्न आला, उड्डाण पुन्हा पुन्हा पुढे गेलं, शेवटी २५ जूनला झालं, आणि वर गेल्यावर शुक्लांनी इतर प्रयोगांबरोबर मूग आणि मेथीला मोड कसे येतात ते बघितलं. यात दाखवण्यासारखं काही नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्याशीच माझं भांडण आहे.

या पेशातली सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे शांत राहणं. धाडस त्या मानाने सोपं, वायुदलात धाडसी माणसांना तोटा नाही. पण समोर सगळं बिघडत असताना आवाज न चढवता आकडे वाचून दाखवणं, चेकलिस्टचं पुढचं पान उलटणं, खालून बोलणाऱ्याचं पूर्ण ऐकून घेणं, यासाठी त्यांना वर्षानुवर्षं सिम्युलेटरमध्ये बसवून पिळून काढतात. आणि बायोपिकवाले नेमकी हीच गोष्ट आधी काढून टाकतात कारण शांत माणूस पडद्यावर बोअर होतो असं त्यांनी ठरवूनच टाकलंय. मग त्याला रडवा, भांडायला लावा, घाबरवा. नुसता सिनेमा थोडा खोटा होतो एवढंच असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. यात खऱ्या माणसांची अब्रू जाते, आणि अंतराळ मोहीम म्हणजे काय याचं चुकीचं चित्र आपल्या सगळ्यांच्या डोक्यात बसतं, त्याची किंमत पुढे मोजावी लागते.

'अपोलो १३' घ्या, रॉन हॉवर्डचा १९९५ चा, टॉम हँक्स त्यात मोहिमेचा कमांडर जिम लॉव्हेल झालाय तो. १९७० मध्ये चंद्राकडे निघालेल्या यानात ऑक्सिजनच्या टाकीचा स्फोट झाला आणि तिघं अंतराळवीर कसेबसे जिवंत परत आले, त्याची ही गोष्ट. त्यातली मेहनत किती प्रामाणिक आहे हे आधी सांगतो, वजनरहित अवस्थेचे सीन त्यांनी नासाच्या विमानात शूट केले, ते विमान वर चढून खाली झेपावतं तेव्हा जेमतेम २५ सेकंद सगळं तरंगतं, तेवढ्यात शॉट घ्यायचा आणि पुन्हा वर जायचं. लॉव्हेलच्या बायकोची लग्नाची अंगठी शॉवरमध्ये निसटते तो सीनसुद्धा खरा. पण यानात लॉव्हेलच्या दोन सहकाऱ्यांची, फ्रेड हेस आणि जॅक स्विगर्टची, जी खडाजंगी होते ती मात्र घडलीच नाही. त्यात हेस जवळजवळ स्फोटाचा ठपका स्विगर्टवर ठेवतो आणि त्याच्या आधीपासून सिनेमा आपल्या मनात शंका पेरत असतो की याला हे झेपणार का, कारण तो केन मॅटिंग्लीच्या जागी ऐनवेळी आलेला. खरा स्विगर्ट कमांड मॉड्यूलमध्ये, म्हणजे मुख्य यानात, बिघाड झाला तर काय करायचं याच्या पद्धती ज्यांनी बसवल्या त्यांच्यापैकीच एक होता, म्हणजे त्या दिवशी त्या यानात असायला हवा असाच माणूस. तो डिसेंबर १९८२ मध्ये कॅन्सरने गेला, कोलोरॅडोमधून अमेरिकन संसदेवर निवडून आला होता, शपथ घ्यायच्या आधीच गेला. सिनेमा आला तेव्हा उत्तर द्यायला तो नव्हता.

आणि भांडणाची गरज होती का हो खरंच? त्या स्फोटाची खरी गोष्ट ऐका. ऑक्सिजनच्या टाकीतल्या हीटरचे स्विच २८ व्होल्टसाठी बनवलेले, नंतर लाँचपॅडवरचा पुरवठा ६५ व्होल्टचा केला गेला पण ते स्विच बदलायचे राहिले. उड्डाणाच्या आधी मार्च १९७० मध्ये टाकी रिकामी होईना म्हणून हीटर तासन् तास चालू ठेवला, स्विच चिकटून बसले, आतलं तापमान भयानक वाढलं आणि तारांवरचं आवरण जळालं. तापमान दाखवणारा मीटर ८० अंश फॅरनहाइटच्या वर जातच नव्हता, त्यामुळे समोर बसलेल्या माणसाला सगळं ठीक दिसत होतं. ते तिघं जण जमिनीवर असल्यापासूनच त्या टाकीत स्फोट दबा धरून बसला होता आणि कोणाचाही वाईट हेतू नव्हता. मला तर हे खडाजंगीपेक्षा दहापट जास्त अंगावर येतं. सिनेमात याला शेवटी एखादं वाक्य मिळतं. स्फोटानंतर तासाभराने ड्युटीवर येऊन, चंद्रावर उतरायला सोबत नेलेल्या छोट्या यानाला त्या तिघांची जीव वाचवणारी होडी बनवणारी कंट्रोल रूममधली ग्लिन लनीची टीमही अशीच आक्रसून गेली, सगळं श्रेय दुसऱ्या टीमचा प्रमुख जीन क्रान्झच्या पांढऱ्या जाकिटाला. "अपयश हा पर्यायच नाही" अशा अर्थाचं क्रान्झच्या तोंडचं ते गाजलेलं वाक्य पण पटकथाकारांचं, मोहिमेदरम्यान तो ते बोललेला नाही.

पण स्विगर्टपेक्षा जास्त अन्याय झाला तो गस ग्रिसम या अंतराळवीरावर, आणि ते आठवलं की मला अजूनही राग येतो. २१ जुलै १९६१ ला 'लिबर्टी बेल ७' मधून तो अंतराळात जाऊन आला, अमेरिकेचा दुसराच माणूस. यान समुद्रात उतरलं, हेलिकॉप्टर येत होतं, तेवढ्यात स्फोटक खिळ्यांनी बसवलेलं दार उडालं, पाणी आत घुसलं, यान बुडालं आणि ग्रिसमही बुडता बुडता वाचला. तो आयुष्यभर सांगत राहिला की दार आपोआप उडालं, मी हात लावला नाही. १९८३ मध्ये 'द राइट स्टफ' हा सिनेमा आला, समीक्षकांनी वाखाणला, ऑस्कर मिळाले, आणि त्यात ग्रिसम आत गुदमरून घाबरलेला दाखवलाय, बघणाऱ्याला वाटावं की यानेच भीतीने दार उडवलं. आता पुरावा बघा. ते दार हाताने उडवायचं तर एका दांड्यावर जोरात हात मारावा लागायचा आणि तो दांडा असा उलट फटका द्यायचा की हाताला खूण राहायचीच. ऑक्टोबर १९६२ मध्ये ग्रिसमचा सहकारी अंतराळवीर वॉली शिरा अंतराळातून परत उतरला तेव्हा त्याने जहाजाच्या डेकवर मुद्दाम दार उडवलं आणि हाताला झालेली जखम दाखवली. ग्रिसमच्या अंगावर तशी खूण नव्हती. नासाला तो भित्रा वाटला असता तर १९६५ मध्ये जेमिनी ३ चं नेतृत्व त्याला दिलं असतं का, पहिल्या अपोलोचा कमांडर केला असता का? त्याच अपोलो १ मध्ये २७ जानेवारी १९६७ ला जमिनीवरच्या चाचणीत आग लागून तो, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी गेले, आतल्या बाजूला उघडणारं दार वाढलेल्या दाबामुळे उघडता आलं नाही. म्हणजे सिनेमा आला तेव्हा त्याला जाऊन सोळा वर्षं झाली होती. बायको होती, मुलं होती, त्यांनी तो सीन बघितला असेल. १९९९ मध्ये ते यान अटलांटिकच्या तळातून, साडेचार किलोमीटरहून जास्त खोलीवरून वर काढलं तरी दाराचा निकाल लागला नाही. पण लाखो लोकांच्या मनात तो सिनेमाने आधीच लावून टाकला होता. काही मिनिटांच्या सीनसाठी एका माणसाच्या उभ्या आयुष्याची ही किंमत.

यावर ठरलेलं उत्तर येतं की अहो सिनेमा आहे, डॉक्युमेंटरी नाही, थोडं इकडचं तिकडे करावंच लागतं. मान्य. करा की. तीन दिवसांचं एका रात्रीत आणा, पाच इंजिनिअरांचं एक पात्र करा, स्फोटाची खबर पहिल्यांदा स्विगर्टने दिली होती ती सिनेमात लॉव्हेलच्या तोंडी दिली, कोणाचं काय बिघडलं? वेळ, जागा, क्रम यांना हात लावायला माझी हरकत नाही. माणसाच्या स्वभावाला लावू नका, आणि एकाची हिंमत दुसऱ्याच्या नावावर चढवू नका. 'हिडन फिगर्स' (२०१६) मध्ये नेमकं हेच झालं. अंतराळवीर जॉन ग्लेनने आपल्या उड्डाणाची कॉम्प्युटरने केलेली आकडेमोड कॅथरीन जॉन्सन या नासातल्या काळ्या गणितज्ञ बाईकडून तपासून घ्यायला सांगितली हे खरं, तिला त्याला दिवसाहून जास्त वेळ लागला, सिनेमात ते उड्डाणाच्या तोंडावर काही मिनिटांत होतं, ठीक आहे, चालतं. पण काळ्या बायकांचं वेगळं टॉयलेट लांब म्हणून ती सिनेमाभर धावत असते आणि शेवटी तिचा गोरा साहेब हातोडा घेऊन ती पाटी फोडतो, ते कुठून आणलं? तो साहेबच काल्पनिक आहे. खरी कॅथरीन जवळचं, गोऱ्या बायका वापरायच्या तेच टॉयलेट सरळ वापरत राहिली, कोणी कुरकुर केली तरी तिने लक्ष दिलं नाही. तिचं ते गप्प राहून न ऐकणं काढून घेतलं आणि एका गोऱ्या माणसाला हातोडा दिला.

'फर्स्ट मॅन' (२०१८) बद्दल मात्र माझं मन दुभंगलेलं आहे. नील आर्मस्ट्राँगसारखा मितभाषी माणूस पडद्यावर आणायचं धाडस दिग्दर्शक डेमियन शॅझेलने केलं आणि बऱ्याच अंशी त्याला गप्प राहू दिलं याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. त्यातला जेमिनी ८ या आर्मस्ट्राँगच्या आधीच्या मोहिमेचा भाग बघाच. मार्च १९६६, अंतराळात दोन यानं जोडण्याचा पहिला यशस्वी प्रयत्न, आणि मग एक थ्रस्टर, म्हणजे यान वळवणारं छोटं इंजिन, अडकून यान गरगरायला लागतं, सेकंदाला जवळजवळ एक फेरा, डोळ्यांपुढे अंधारी यायची वेळ, आणि आर्मस्ट्राँग मुख्य थ्रस्टर बंद करून परतीच्या प्रवासासाठी राखून ठेवलेले वापरतो. सिनेमात तिथे फक्त खडखडणारा पत्रा, श्वास आणि डायलवर फिरणारे हात आहेत. थिएटरमध्ये माझ्या शेजारच्या अनोळखी माणसाने खुर्चीचा हात घट्ट धरला होता. चंद्रावर उतरताना आर्मस्ट्राँगचे ठोके मिनिटाला १५० च्या आसपास गेले होते हे नोंदवलेलं आहे, आवाजात मात्र त्याचा मागमूस नाही, आणि हे अंतर त्या सिनेमाला कळलेलं आहे. मग शेवटी त्यांनीच घात केला. आर्मस्ट्राँगची लहानगी मुलगी कॅरन जानेवारी १९६२ मध्ये गेली, आणि सिनेमात तो चंद्रावर एका विवराच्या काठाशी उभा राहून तिचं ब्रेसलेट आत टाकतो. तो त्या विवरापर्यंत गेला होता हे खरं, ब्रेसलेटला कसलाही पुरावा नाही. ज्याने आयुष्यभर हे दुःख कोणासमोर उघडलं नाही त्याला सगळ्या जगासमोर रडवलं. लोकांना तो सीन भिडला, मलाही भिडला, आणि म्हणूनच तो जास्त टोचतो.

फक्त अमेरिकन लोकच असं करतात असं नाही. राकेश शर्मा एप्रिल १९८४ मध्ये ज्या सोव्हिएत सॅल्यूत ७ स्थानकावर राहून आले ते पुढच्या वर्षी बंद पडलं, वीज नाही, संपर्क नाही, आत सगळं गोठलेलं. जून १९८५ मध्ये जानिबेकोव्ह आणि साविनिख हे दोन सोव्हिएत अंतराळवीर त्या मेलेल्या स्थानकाला हाताने यान चालवून जोडले गेले, कानटोप्या घालून कडाक्याच्या थंडीत बॅटऱ्या सोलर पॅनेलला थेट जोडत बसले आणि ते पुन्हा जिवंत केलं. अंतराळातली दुरुस्ती म्हणून याच्या तोडीचं फार थोडं आहे. २०१७ च्या रशियन सिनेमाने काय केलं, तर नावं बदलली, आग लावली, हातोड्याने ठोकून दुरुस्ती केली आणि वर अमेरिकन शटल येऊन टपल्याचं दाखवलं. आणि आपण? 'मिशन मंगल' (२०१९) मध्ये गॅस बंद केला तरी गरम तेलात पुरी तळली जाते यावरून इंधन वाचवायची आयडिया येते. मंगळयानाच्या खऱ्या प्रवासात ११ नोव्हेंबर २०१३ ला कक्षा वाढवायचा टप्पा अर्धवट राहिला, हवा तेवढा वेग मिळालाच नाही, आणि इस्रोच्या लोकांनी दुसऱ्याच दिवशी आणखी एकदा इंजिन पेटवून ती तूट भरून काढली. ती एक रात्र दाखवायची होती.

आता ज्या सिनेमाची मला खरी भीती वाटते त्याबद्दल. कल्पना चावलावर कधीतरी मोठा हिंदी बायोपिक येईल. १९९७ मधल्या तिच्या पहिल्या उड्डाणात स्पार्टन नावाचा उपग्रह सोडताना गडबड झाली, तो नीट चालू झाला नाही, रोबोटिक हाताने परत पकडायला गेली तेव्हा फिरायला लागला, आणि शेवटी दोन सहकाऱ्यांनी बाहेर जाऊन हातांनी पकडून आणला. बोटं तिच्याकडे गेली. नासाने चौकशी केली, काही महिने लागले, आणि निष्कर्ष निघाला की सॉफ्टवेअरची रचना आणि यानातले-जमिनीवरचे लोक यांच्यात ठरलेल्या पद्धती यात दोष होता. तिला दुसरं उड्डाण मिळालं. मला डोळ्यांसमोर दिसतंय याचं काय करतील ते, एक गोरा साहेब तिला हिणवणार, ती आरशासमोर रडणार, मग तिच्या गावाची, कर्नालची आठवण, मग गाणं. खरी गोष्ट अशी की एका संस्थेने चूक झाल्यावर सोयीचा बळी न शोधता आपल्याच पद्धती तपासल्या. आणि त्याच संस्थेने २००३ मध्ये कोलंबियाच्या, म्हणजे तिच्या शेवटच्या उड्डाणाच्या वेळी तसं केलं नाही. उड्डाणानंतर ८२ सेकंदांनी फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता, इंजिनिअर फोटो मागत होते, नासातल्या वरिष्ठांनी फारसं मनावर घेतलं नाही, आणि १ फेब्रुवारीला सात माणसं गेली. चौकशी मंडळाने स्पष्ट लिहिलं की या अपघाताला तो फोम जितका कारणीभूत तितकीच नासाची कामाची संस्कृती. तिच्या आयुष्याच्या या दोन टोकांत एवढी मोठी गोष्ट आहे. ती खलनायक घालून बारीक केली तर मला फार वाईट वाटेल.

सिनेमा बघून कोणाचं काय बिघडतं असं म्हणणाऱ्यांना मी शुक्लांच्या उड्डाणाची तारीख पुढे जात होती ते दिवस आठवायला सांगेन. ओळखीतलेच शिकलेले लोक वैतागून बोलत होते की काय चाललंय, यांना जमत नाही का, नुसतं थांबवतात. अंतराळ म्हणजे छाती पुढे काढून करायचं काम असं सिनेमांनी शिकवलं की थांबणारा माणूस भित्रा वाटायला लागतो. गळती सापडली म्हणून थांबणं हा त्या मोहिमेतला मोठा पराक्रम होता. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री चॅलेंजर या अमेरिकन शटलला वर ढकलणाऱ्या बूस्टर रॉकेटचे इंजिनिअर सांगत होते की एवढ्या थंडीत उडवू नका, ते उड्डाण आधीच अनेकदा पुढे गेलेलं, दडपण होतं, त्यांच्याच कंपनीच्या साहेबांनी त्यांचं म्हणणं बाजूला ठेवलं. सकाळी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटलं आणि सगळं संपलं. इस्रोच्या गगनयानमधून आपली माणसं वर जातील तेव्हा आपल्याकडेही अशी रात्र येऊ शकते, कोणीतरी "आज नको" म्हणेल, आणि त्या माणसाच्या मागे उभा राहणारा समाज हवा.

आणि शांतपणा पडद्यावर दाखवता येत नाही हे मला मान्यच नाही. चॅलेंजरच्या चौकशीवर बीबीसीने २०१३ मध्ये फिल्म केली, विल्यम हर्टने चौकशी मंडळातल्या रिचर्ड फाइनमन या शास्त्रज्ञाचं काम केलं, त्यात खोल्या, कागद आणि मीटिंगा, आणि सगळ्यात मोठा क्षण म्हणजे एक म्हातारा, आजारी शास्त्रज्ञ बूस्टरमधल्या रबराचा तुकडा बर्फाच्या पाण्यात बुडवतो तो. श्वास रोखून बघितला मी. आणि ज्या महाराष्ट्रात दादासाहेब फाळक्यांनी १९१२ मध्ये कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम करून टिपली, ती बघून लोक चित्रपटासाठी पैसे द्यायला तयार झाले, तिथे मुगाला मोड येण्यात नाट्य नाही असं कोण म्हणतो?

मला विचाराल तर मी राखीव माणसाचा सिनेमा करेन. राकेश शर्मांसोबत रवीश मल्होत्रांनी तेच रशियन भाषेत ट्रेनिंग घेतलं, तीच तयारी केली आणि ते खाली राहिले. शुक्लांसाठी प्रशांत नायर तसेच राखीव होते. तोच अभ्यास, आणि उड्डाणाच्या दिवशी दुसऱ्याला हात हलवून निरोप द्यायचा, मनापासून द्यायचा, आणि लगेच त्याच्यासाठी कामाला लागायचं. राकेश शर्मांवरचा सिनेमा येणार म्हणून कितीतरी वर्षं बातम्या येताहेत, नटांची नावं बदलत राहिली. तो झाला तर मल्होत्रांना नीट जागा द्या एवढं माझं मागणं आहे.

अजून एक गोष्ट, ही सिनेमावाल्यांकडे नाही तर इस्रोकडे मागायची. अपोलो १३ मधलं भांडण खोटं आहे हे आपण छातीठोक सांगू शकतो कारण यान आणि ह्यूस्टनच्या कंट्रोल रूममधलं संभाषण नासाने शब्दन् शब्द उतरवून लोकांसाठी खुलं ठेवलंय, कोणीही वाचावं. गगनयानचं संभाषणही तसंच, सुरक्षेचं जे काही खरोखर झाकावं लागेल तेवढं सोडून, सगळं खुलं करा. कच्चं, अडखळतं, कंटाळवाणं वाटेल तसं. आणि त्याची घोषणा सिनेमाचे हक्क विकले जायच्या आधी, उड्डाणाच्या आधीच करून टाका.